सोलापूरच्या टॉवेल कारखान्यांसाठी प्रश्नावली की कृतिसंशोधन?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत पाण्याची बचत अभ्यासायची, तर प्रश्नावलीने अनेक कारखान्यांची तुलना लवकर होते. मात्र उत्तरे देणारा मालक बहुधा रंगाच्या टाकीपाशी उभा नसतो. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या कृतिसंशोधनात संशोधक रंगारी, सुपरवायझर आणि हिशेबनीस यांच्यासोबत बदल करून पाहतो, मोजतो, पुन्हा सुधारतो. शेवटच्या धुण्याचे तुलनेने स्वच्छ पाणी पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला चालेल का, हे तिथेच कळते. हा मार्ग संथ आहे, शिवाय एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही माझा कौल त्यालाच आहे, कारण प्रत्येक बॅचमागचे पाणी खर्चाच्या वहीत नोंदवण्याची पद्धत कामगारांसोबतच बसवावी लागते. प्रश्नावली त्यानंतर, ही पद्धत इतर कारखान्यांत किती पसरली हे तपासण्यासाठी, अवश्य वापरावी.