धुऱ्यावर करंज, गिरिपुष्प की बांबू?

आमच्या वावराच्या पश्चिमेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वडिलांनी साग लावला होता. वारा अडेल आणि पुढे लाकूडही होईल, असा दुहेरी हिशेब. लाकडाचा हिशेब अजून बाकी आहे, वाऱ्याचा मात्र साफ चुकला. उन्हाळा लागला की साग उघडाबोडका होतो. आणि अमरावतीकडच्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात गरम झळ सुटते ती नेमकी तेव्हाच, आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) संत्री बोराएवढी असताना. सकाळी झाडांखाली फळांचा सडा.

तेव्हापासून धुऱ्याच्या झाडाबद्दल मी आधी एकच गोष्ट विचारतो: मे महिन्यात याच्या अंगावर पान असतं का?

करंजाच्या असतं. जुनं पान झडतं न झडतं तोच पोपटी पालवी फुटते आणि मेमध्ये झाड गच्च होतं. ढोरं-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे सुगीनंतर ढोरं मोकळी सुटली तरी रोपं वाचतात. कडुनिंबही मेमध्ये हिरवागार असतो, पण शेळीचा तो आवडता. दोन-तीन वर्षं काट्या लावून राखावा लागतो. दोघांचीही वाढ सावकाश, कामाची उंची यायला पाच-सात वर्षं धरा. मुळंही वावरात शिरतात. त्यावर जुना उपाय म्हणजे झाड आणि पीक यांच्यामध्ये दोन-अडीच फुटांची चारी खोदून मुळं तोडणं, आणि ते दर दोन-तीन वर्षांनी.

पण उंची एवढी का हवी? वाऱ्याचा जोर झाडाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत चांगला मोडतो. वीस फुटी रांग दोनशे फूट सांभाळते. चौरस एकराची बाजू सुमारे 208 फूट, म्हणजे एक रांग जवळपास अख्ख्या एकराला पुरते. दहा फुटी रांग अर्ध्याच एकराला.

गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, लवकर येतं. फांदी रोवली तरी फुटतं, हवेतला नत्र जमिनीत धरतं, आणि कोवळा पाला कपाशीत घातला तर उत्तम हिरवळीचं खत. पण पाल्यासाठी ते तीन-साडेतीन फुटांवर छाटायचं असतं. छाटलं की उंची गेली, न छाटलं तर उन्हाळ्याच्या तोंडाला पान गळून नुसता फुलोरा उरतो. एकाच झाडाकडून खत आणि आडोसा दोन्ही मिळत नाही. मात्र तुमचं दुखणं झळ नसून धुरा फुटणं असेल, तर गिरिपुष्पच लावा. खरं सांगायचं तर आपल्या काळ्या जमिनीतली माती वाऱ्यापेक्षा पावसाच्या पाण्यानेच जास्त वाहून जाते, आणि दाट मुळांनी धुरा धरून ठेवायला याच्यासारखं स्वस्त झाड नाही.

बांबूची गोष्ट पैशाची. 2017 मध्ये वन कायद्याच्या व्याख्येतून तो ‘झाड’ म्हणून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडणं सोपं झालं. पण मानवेल हा आपल्याकडचा नेहमीचा बांबू उन्हाळ्यात पान गाळतो, खाली वाळका पाचोळा साचतो आणि शेजाऱ्याने धसकटं पेटवली की जीव टांगणीला. शेजारच्या दोन-तीन ओळींतलं पीकही मार खातं. नाल्याकाठची पडीक पट्टी असेल तर बांबू लावा, संत्र्याच्या कडेला नको.

एकट्या उंच झाडांनीही भागत नाही. बुंध्यांच्या मोकळ्या जागेतून वारा उलट जास्त जोराने घुसतो. म्हणून करंजाच्या आतल्या बाजूला निरगुडीची रांग हवी. तिला ढोरं खात नाहीत आणि ती फांदीपासून येते. पण भिंतीसारखी गच्चही नको. वारा पूर्ण अडला तर तो वरून उडी मारून पलीकडे भोवरा करतो. निम्मा वारा गाळून जाऊ द्यावा.

नवी बाग असेल तर करंज मोठा होईस्तोवर शेवरी दाट पेरा. दोन-चार वर्षांची सोबती, पण पहिल्याच वर्षी डोक्यावर जाते.

करंज पश्चिम आणि दक्षिण बाजूला, बारा-बारा फुटांवर. धुरा सामायिक असेल तर शेजाऱ्याला खड्डे खोदण्याआधी विचारा. सकाळची सावली त्याच्या तुरीवर पडणार आहे, आणि तो ते मोजल्याशिवाय राहणार नाही.