आठचं रक्त सव्वादहाला

आमच्या भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या घरी येऊन रक्त नेण्याच्या सेवेबद्दल लिहितेय. नाव देत नाही, कारण चूक त्यांनी शेवटी निस्तरली. पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन रक्त घ्यायला येणाऱ्या मुलाचे.

संधिवातासाठी मी १४ महिने प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेत होते. उतरवत उतरवत डोस ५ मिलिग्रॅमवर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बंद करण्याआधी तुमचं शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल करू लागलंय का ते बघू. रक्त सकाळी आठचंच हवं, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर." लॅबच्या फोनवरच्या मुलीला मी 'आठ' हा शब्द चार वेळा सांगितला. तिने मला उपाशी राहायला चार वेळा सांगितलं. या तपासणीत पोटापेक्षा घड्याळ महत्त्वाचं असतं, पण असो.

मुलगा आला सव्वादहाला. चहा नाही, गोळी नाही, गुडघे कुरकुरतायत. "काकू, सॉरी, अर्ध्या तासात चार घरं दिलीयेत." त्याच्यावर काय चिडणार? माझ्या शिरा पळपुट्या आहेत, मोठ्या हॉस्पिटलातही तीनदा टोचतात. याने एका सुईत काम केलं.

आठचा हट्ट का, ते सांगते. २८ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलंय, सवय जात नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. तो सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो, त्यावर त्याच्याखालची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते, आणि मग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल करतात. ते पहाटे चढतं आणि दिवसभर उतरत जातं. बाहेरून कॉर्टिसॉलसारखंच काम करणारी गोळी येत राहिली की हायपोथॅलॅमस म्हणतो, माल भरपूर आहे, आपण गप्प बसू. तो पुन्हा बोलू लागलाय का, हे सकाळच्या आकड्यावरून ताडायचं.

पुस्तकात या सीआरएचला जेमतेम एक ओळ मिळते. पिट्युटरीला हुकूम देणारं असं काहीतरी हायपोथॅलॅमसमध्ये आहे, हे १९५५मध्ये ह्यूस्टनमध्ये रॉजर गिलमँ आणि मॉन्ट्रियलमध्ये अँड्र्यू शॅली या संशोधकांच्या प्रयोगांतून स्वतंत्रपणे दिसलं. पण ते शुद्ध स्वरूपात कुणाच्याच हाती लागेना. दोघे दुसऱ्या संप्रेरकांकडे वळले, १९६९मध्ये थायरॉइडवाल्या टीआरएचची रचना उलगडली, १९७७चं नोबेलही मिळालं. ज्याच्यासाठी निघाले होते ते मात्र राहिलंच. ते सापडलं गिलमँच्याच हाताखाली पीएचडी केलेल्या वायली व्हेलना, कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये, १९८१मध्ये. ४१ अमिनो आम्लांची ही साखळी वेगळी काढायला मेंढ्यांचे सुमारे ४ लाख ९० हजार हायपोथॅलॅमस लागले. वर्गात हा आकडा सांगितला की मागचा बाकसुद्धा गप्प व्हायचा. एवढ्या मेंढ्या कामी आल्या, आणि आमच्याकडे सकाळचे आठ काही वाजत नाहीत.

खरा राग आला तो रिपोर्टवर. कॉर्टिसॉल ७.२. ठीक. पण 'नमुना घेतल्याची वेळ' या रकान्यात छापलं होतं सकाळी ८.००! त्यांचं सॉफ्टवेअर बुकिंगची वेळच उचलून छापतं. डॉक्टरांनी हा आकडा आठचा म्हणून वाचला असता, तर तो कमी वाटून गोळी आणखी काही महिने चालली असती. मी डायरीत १०.१५ लिहून ठेवलं होतं म्हणून बरं. तीन फोन केले. पहिल्या दोघांना मुद्दाच कळला नाही, तिसऱ्या बाईंना एका वाक्यात कळला. "पुन्हा घेऊ, पैसे नाहीत," म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी तोच मुलगा ७.४०ला दारात. आठ वाजेपर्यंत सोफ्यावर बसून राहिला. चहा नको म्हणाला, मग घेतला. नळीवर वेळ स्वतःच्या हाताने लिहिली. आकडा ११.८. गोळी बंद झाली. ताप आला किंवा उलट्या झाल्या तर लगेच फोन करा, असं मात्र डॉक्टरांनी बजावलंय.

तपासणीचे ६५० रुपये, घरी येण्याचे १०० वेगळे. ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे, पण मागितल्याशिवाय देत नाहीत.