ऑडिओमॉथ: रानात स्वस्त, प्रयोगशाळेत महाग

क्रेडिट कार्डाहूनही कमी लांबीरुंदीचे, तीन डबल-ए सेलवर चालणारे आणि शेजारी कुणी नसताना ठरल्या वेळी आपोआप आवाज टिपणारे ऑडिओमॉथ हे यंत्र वन्यजीव अभ्यासकांच्या सामानात आता कॅमेरा ट्रॅपइतकेच नेहमीचे झाले आहे. त्याच्याविषयी लिहिले जाते ते बहुधा त्याच्या कमी किमतीबद्दल, आणि त्या कौतुकात खोटे काही नाही. मात्र यंत्र झाडाला बांधण्यापासून त्यातील नोंदींचे विश्लेषण संपेपर्यंतचा सगळा प्रवास ज्यांना करायचा आहे, त्यांनी ही किंमत अर्धीच समजावी. उरलेली अर्धी पुढे प्रयोगशाळेत, संगणकासमोर बसून चुकवावी लागते. हे परीक्षण त्या दोन्ही भागांचे आहे.

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन आणि ऑक्सफर्ड या विद्यापीठांतील संशोधकांनी हे यंत्र घडवले आणि 2018 साली ‘मेथड्स इन इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात त्याच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्या चाचण्यांचे विषयच यंत्राचा आवाका सांगून जातात: दक्षिण इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमधील दुर्मिळ सिकाडा, वटवाघळे आणि मध्य अमेरिकेतील बेलीझच्या जंगलातील बंदुकीचे बार. यातील सिकाडाचा आवाज साधारण 14 किलोहर्ट्झवर असतो, म्हणजे वयाने मोठ्या निरीक्षकाच्या कानाला तो बऱ्याचदा ऐकूच येत नाही. अशा कीटकाच्या शोधासाठी यंत्राची गरज का पडली, ते वेगळे सांगायला नको. यंत्राचे आराखडे आणि आज्ञावली दोन्ही खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहेत, त्यामुळे ज्याला इलेक्ट्रॉनिक्सची जाण आहे त्याला हवे ते बदल करता येतात. व्यवहारात बहुतेक अभ्यासक तसे काही करत नाहीत, परंतु यंत्राच्या आत नेमके काय चालते हे तपासता येणे ही शोधनिबंधातील पद्धतीचा भाग लिहिणाऱ्याला मोठी सोय आहे.

यंत्र हातात घेतल्यावर प्रथम नजरेत भरते ते त्याचे उघडेपण. सर्किटच्या हिरवट पाटीवर बारीकसा मेम्स (म्हणजे चिपवर घडवलेला) मायक्रोफोन, कडेला मेमरी कार्डाची खाच, मागे सेलचा कप्पा आणि एक चिमुकली सरकती कळ, एवढाच संसार. कळीला तीन जागा आहेत: एक यंत्र बंद ठेवण्याची आणि संगणकाला जोडण्याची, दुसरी ताबडतोब नोंदणी सुरू करण्याची आणि तिसरी आपण ठरवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालण्याची. नोंदणी चालू असताना लाल दिवा लुकलुकतो आणि यंत्र पुढच्या वेळेची वाट पाहत असताना हिरवा. हे दिवे बंदही करता येतात, आणि जिथे माणसांची ये-जा असते तिथे ते बंद करणेच शहाणपणाचे, कारण रात्री झाडावर लुकलुकणारा दिवा दुरूनही लक्ष वेधून घेतो. ही कळ मात्र फारच लहान आहे. हातमोजे घातलेल्या किंवा पावसाने गारठलेल्या बोटांनी ती नेमक्या जागी सरकवणे कष्टाचे होते, आणि ती मधल्या जागी राहून गेली तर वेळापत्रक बाजूला पडून यंत्र अखंड नोंदणी करत बसते.

वेळापत्रक, सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा तो दर) आणि मायक्रोफोनची संवेदनशीलता ठरवण्यासाठी संगणकावर चालणारे जे विनामूल्य ॲप आहे, ते या यंत्राचा सर्वांत चांगला भाग आहे असे माझे मत आहे. आपण पर्याय निवडत गेलो की दररोज किती जागा भरेल आणि किती ऊर्जा लागेल याचा अंदाज खालच्या बाजूला लगेच बदलत जातो, त्यामुळे रानात जाण्यापूर्वीच हिशेब बसवता येतो. आणखी एक गंमतीची सोय म्हणजे, सेल बदलताना यंत्राचे घड्याळ पुसले गेले तर ते पुन्हा लावण्यासाठी संगणक बरोबर न्यावा लागत नाही. मोबाईलवरचे ॲप ठरावीक सुरांची एक लकेर वाजवते आणि यंत्र ती ऐकून आपली वेळ लावून घेते.

सॅम्पल रेट निवडताना मात्र मोह आवरावा. हे यंत्र 8 पासून 384 किलोहर्ट्झपर्यंतच्या दराने नोंद करू शकते, आणि आपल्याला हव्या असलेल्या सर्वांत उंच वारंवारितेच्या किमान दुप्पट दर ठेवावा, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. बहुतेक पक्ष्यांच्या आवाजाचा मुख्य भाग 8 किलोहर्ट्झच्या खालीच असल्यामुळे त्यांच्यासाठी 32 किंवा 48 किलोहर्ट्झ पुरे होतात, तर 110 किलोहर्ट्झच्या आसपास आवाज काढणाऱ्या छोट्या हॉर्सशू वटवाघळासाठी 250 किलोहर्ट्झ किंवा त्याहून अधिक दर लागतो. नोंद 16 बिटांची, एकाच वाहिनीची आणि कोणत्याही संकुचनाशिवाय साठवली जाते, म्हणून हिशेब सरळ आहे: 32 किलोहर्ट्झला तासाला सुमारे 230 मेगाबाइट, तर 384 किलोहर्ट्झला तासाला पावणेतीन गिगाबाइटहून अधिक. या दुसऱ्या दराने दहा तासांची रात्र अखंड टिपली तर 128 गिगाबाइटचे कार्ड पाचव्या रात्री भरून जाते. यावर उपाय म्हणून ठरावीक तीव्रतेपेक्षा मोठा किंवा ठरावीक वारंवारितेचा आवाज आल्यावरच नोंद ठेवण्याची सोय दिलेली आहे आणि वटवाघळांच्या बाबतीत ती उपयोगी पडते. पण जिथे रातकिड्यांचा गजर रात्रभर थांबत नाही तिथे नोंद सुरू होण्याचा हा उंबरठा कुठे ठेवावा हे प्रत्यक्ष जागेवर चाचणी घेऊनच ठरवावे लागते.

कार्डांच्या बाबतीत काटकसर करू नये. उच्च दराच्या नोंदणीत कार्डाचा लेखनवेग कमी पडला की नोंदीत खंड पडतात, आणि हे खंड ऐकताना सहज लक्षात येत नाहीत. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे वेळेनुसार आवाजाची वारंवारिता दाखवणाऱ्या चित्रावर, मात्र उभी चीर दिसते. आमच्याकडे आलेल्या अनोळखी बनावटीच्या कार्डांच्या एका गठ्ठ्यात लिहिलेली क्षमता आणि खरी क्षमता यांत तफावत निघाली होती, तेव्हापासून प्रत्येक कार्ड संगणकावर काठोकाठ भरून आणि परत वाचून पाहिल्याशिवाय यंत्रात घालायचे नाही हा प्रयोगशाळेचा दंडक झाला आहे. सेलच्या बाबतीत, थंड प्रदेशात अल्कलाइन सेल लवकर ढेपाळतात आणि तिथे लिथियम सेलना पर्याय नाही. उबदार हवेत चांगले पुन्हा चार्ज होणारे सेल काम निभावतात.

रानातला खरा प्रश्न पाण्याचा आणि किड्यामुंग्यांचा आहे. पाटी उघडी असल्याने तिला वेष्टन लागते. सुरुवातीची कित्येक वर्षे अभ्यासकांनी साध्या झिप-पिशव्या आणि चिकटपट्ट्या वापरून वेळ मारून नेली, आणि आजही अनेक जण तेच करतात. पिशवी पाणी अडवते, पण वाऱ्यावर तिची सळसळ प्रत्येक नोंदीत उतरते आणि उंच वारंवारितेचे आवाज ती दाबून टाकते. निर्मात्यांनी नंतर आणलेले जलरोधक कवच कितीतरी बरे. त्यात मायक्रोफोनसमोर आवाज जाऊ देणारे आणि पाणी अडवणारे पातळ पटल बसवलेले असते. तरीही कवचाच्या त्या भोकासमोर कोळी जाळे विणतो, मुंग्या कडेला घर करतात, आणि आतल्या दमट हवेसाठी सिलिका जेलची पुडी ठेवावीच लागते. बांधण्यासाठी बारीक खोडाचे झाड निवडावे, कारण जाड खोड मागच्या बाजूचे आवाज अडवते आणि मग यंत्राने ऐकलेले क्षेत्र गोल न राहता एका बाजूला झुकते. यंत्राच्या चेहऱ्यासमोरची हलणारी पाने आधीच दूर करावीत, नाहीतर वारा सुटलेल्या दिवसांच्या नोंदी कामाच्या राहत नाहीत.

मायक्रोफोन हा कमी किमतीचा खरा भुर्दंड आहे. एकाच खेपेतल्या दोन यंत्रांची संवेदनशीलता तंतोतंत सारखी नसते, आणि ओल्या हंगामानंतर ती आणखी बदलू शकते. ज्यांना फक्त एखादी प्रजाती आहे की नाही एवढेच पाहायचे आहे त्यांना हा फरक बहुधा चालून जातो. पण आवाजाच्या तीव्रतेवरून अंतर काढणे किंवा दोन जागांच्या गोंगाटाची तुलना करणे अशा कामासाठी प्रत्येक यंत्र हंगामापूर्वी आणि हंगामानंतर एकाच ज्ञात आवाजासमोर ठेवून तपासले पाहिजे. घड्याळाचेही तसेच. स्फटिकावर चालणारे कोणतेही घड्याळ थोडे थोडे सरकत जाते, आणि आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर असल्याने दोन यंत्रांत एका सेकंदाचा फरक पडला तर प्राण्याची जागा ठरवण्याचा प्रयत्न फसलाच म्हणायचा. आवाजावरून स्थान शोधायचे असेल तर जीपीएसने वेळ जुळवणारी जोड घ्यावी, किंवा सरळ वेगळे यंत्र निवडावे.

प्रयोगशाळेत परतल्यावर या यंत्राची आखणी करणाऱ्यांचा विचारीपणा पुन्हा दिसतो. प्रत्येक नोंदीचे नाव म्हणजे तिची तारीख आणि वेळ असते, आणि नोंदीच्या शीर्षभागात यंत्राचा क्रमांक, संवेदनशीलतेची पातळी, सेलचा विद्युतदाब आणि त्या क्षणाचे तापमान लिहिलेले असते. कुणी वहीत जागांची अदलाबदल केली तरी यंत्राच्या क्रमांकावरून ती सापडते. सेलचा विद्युतदाब दिवसागणिक कसा उतरत गेला हेही त्याच नोंदींतून काढता येते, आणि पुढच्या हंगामाचे वेळापत्रक त्यावरून आखता येते.

पण इथूनच खर्चाला सुरुवात होते. दहा यंत्रे महिनाभर रोज चार तास चालवली की 1,200 तासांची नोंद जमते. 32 किलोहर्ट्झनेही ती सुमारे 276 गिगाबाइट होते आणि तिची सुरक्षित प्रत ठेवायची म्हटले की जागा दुप्पट लागते. ती कानांनी ऐकायची तर रोज आठ तास ऐकणाऱ्याला 150 दिवस लागतील, म्हणजे कुणी ते करणार नाही. त्यामुळे स्वयंचलित ओळख हा मार्ग उरतो, आणि पक्ष्यांसाठी बहुतेक जण कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि केम्निट्झ तांत्रिक विद्यापीठ यांनी मिळून विकसित केलेल्या बर्डनेटकडे वळतात. ते नोंदीचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यात कोणती प्रजाती असावी याला शून्य ते एक या दरम्यान गुण देते. हा गुण म्हणजे ओळख बरोबर असण्याची संभाव्यता नव्हे, आणि एका प्रजातीचा 0.7 दुसऱ्या प्रजातीच्या 0.7 शी तुलनीयही नाही. दूरच्या इंजिनाची घरघर घुबडाचा घुमारा ठरू शकते. म्हणून प्रत्येक प्रजातीसाठी वेगवेगळ्या गुणपट्ट्यांतून यादृच्छिकपणे तुकडे काढून, जाणत्या माणसाने स्पेक्ट्रोग्राम समोर ठेवून ते ऐकले पाहिजेत आणि मगच कुठल्या गुणाच्या वरची ओळख स्वीकारायची हे ठरवले पाहिजे.

हे काम कंटाळवाणे आहे आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात त्याला सहसा जागाच नसते. ते टाळण्याची किंमत मात्र निष्कर्षांत मोजावी लागते. मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी 2002 साली मांडलेले वास्तव्याचे प्रतिमान (प्रजाती किती जागी राहते याचा अंदाज बांधणारी सांख्यिकी पद्धत), ज्याचा आधार ध्वनिनोंदींवरचे अनेक अभ्यास घेतात, प्राणी असूनही न आढळण्याची शक्यता हिशेबात धरते. पण नसलेला प्राणी आढळल्याची चुकीची नोंद त्याच्या मूळ रूपात गृहीतच धरलेली नाही. अशा थोड्या नोंदीही प्रजातीचा पसारा आहे त्यापेक्षा मोठा दाखवू शकतात. यंत्रे जितकी अधिक, तुकडे जितके लाखांनी, तितक्या चुकीच्या ओळखीही वाढतात, आणि कमी किमतीमुळे यंत्रांची संख्या वाढवण्याचा मोह तर सर्वांनाच होतो. माझ्या मते नव्या प्रकल्पाने परवडतील त्याच्या निम्मीच यंत्रे घ्यावीत आणि उरलेला पैसा ऐकणाऱ्या माणसाच्या मानधनासाठी राखून ठेवावा.

हे यंत्र माणसांचे बोलणेही तितक्याच निष्ठेने टिपते, ही बाब परवानगीच्या अर्जांत फारशी दिसत नाही. पायवाटेजवळ यंत्र लावायचे असेल तर तशी सूचना तिथे लावावी, आणि बोलणे आलेले तुकडे विश्लेषणाच्या पहिल्याच टप्प्यावर वेगळे काढून पुसावेत.

रातव्यासारखे निशाचर पक्षी, बेडूक, नाकतोडे किंवा पहाटेचे पक्षी यांची अनेक जागांवर एकाच वेळी हजेरी घ्यायची असेल, तर या किमतीच्या आसपास याहून चांगले यंत्र मला ठाऊक नाही. एका जागेवर किती प्राणी आहेत हा प्रश्न असेल तर ते घेऊ नये, कारण एकाच बेडकाने शंभर वेळा घातलेली साद आणि शंभर बेडकांनी एकेकदा घातलेली साद यांत एकाच वाहिनीच्या नोंदीला सहजी फरक करता येत नाही. वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्यांनी घ्यावे, पण उंच वारंवारितेचा आवाज हवेत फार लवकर विरतो, त्यामुळे यंत्राची श्रवणकक्षा लहान राहते हे धरून यंत्रांमधली अंतरे ठरवावीत. नवीन घेणाऱ्यांनी बाहेरचा मायक्रोफोन जोडता येणारी आवृत्ती मागावी, कवच त्याच वेळी मागवावे, आणि मागणी हंगामाच्या बरीच आधी नोंदवावी, कारण ही यंत्रे बऱ्याचदा एकत्रित मागणीवर खेपेने तयार होतात आणि खेप चुकली की पुढचीची वाट पाहावी लागते.