आधी इमर्सन की थोरो? गीता घरात असलेल्या वाचकासाठी

घरात गीतेची प्रत असते, ज्ञानेश्वरीतल्या ओव्या कानांवरून गेलेल्या असतात. आणि एक दिवस कुठेतरी वाचनात येतं की एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या लेखकांनीही गीता, विष्णुपुराण, उपनिषदं वाचली होती आणि त्यातून त्यांचं लेखन बदललं. मग वाटतं, हे वाचायला हवं. पण सुरुवात कुठून? राल्फ वॉल्डो इमर्सन की हेन्री डेव्हिड थोरो? दोघेही बॉस्टनजवळच्या काँकर्ड गावचे, एकमेकांचे स्नेही, पुष्कळदा एकाच कपाटातली पुस्तकं वाचणारे. तरीही दोघं हातात फार वेगळी चीज देतात. माझं मत आधीच सांगते: बहुतेकांनी थोरोपासून सुरुवात करावी. पण सगळ्यांनी नाही.

१८४५ चा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. त्या जूनमध्ये इमर्सनच्या हाती पहिल्यांदा अख्खी गीता आली. चार्ल्स विल्किन्सने केलेलं, १७८५ साली छापलेलं इंग्रजी भाषांतर. इमर्सन तेव्हा ४२ वर्षांचा होता आणि चर्चमधली धर्मोपदेशकाची नोकरी सोडून त्याला १३ वर्षं झाली होती. पत्रात त्याने गीतेला 'बौद्ध धर्माचा सुप्रसिद्ध ग्रंथ' म्हटलं. या चुकीवरून कळतं की भारताबद्दलची माहिती त्यांच्यापर्यंत किती तुटकतुटक पोचत होती. पण वाचन मनापासूनचं होतं. तीन वर्षांनी त्याने रोजनिशीत लिहिलं की एक भव्य दिवस आपल्याला गीतेमुळे लाभला. त्याच उन्हाळ्यात, ४ जुलैला, २७ वर्षांचा थोरो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला. जमीन इमर्सनची होती. एकाने पुस्तक मिळवलं, दुसरा ते जगून पाहायला निघाला. दोघांतला फरक मला इथेच दिसतो.

इमर्सनने भारतीय विचारातून मुख्यतः एक गोष्ट उचलली: सगळ्यांच्या मुळाशी एकच आहे, ही जाणीव. त्याची 'ब्रह्म' ही १६ ओळींची कविता नोव्हेंबर १८५७ मध्ये 'अटलांटिक मंथली'च्या पहिल्याच अंकात आली. तिची सुरुवात आपल्या ओळखीची आहे. मारणाऱ्याला वाटलं की आपण मारतो, मेलेल्याला वाटलं की आपण मेलो, तर दोघांनाही काही कळलेलं नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला १९ वा श्लोक काढून शेजारी ठेवा, 'उभौ तौ न विजानीतो नायं हन्ति न हन्यते'. कठोपनिषदातही जवळजवळ हेच आहे. अमेरिकी वाचक मात्र गोंधळले, कवितेची विडंबनं निघाली. शेवटच्या ओळीत ब्रह्म सांगतं: मला शोध आणि स्वर्गाकडे पाठ फिरव. 'नलगे मुक्ती धनसंपदा' म्हणणारा अभंग ज्याने ऐकलाय, त्याला ही ओळ परकी वाटणार नाही.

त्याहून मला प्रिय आहे त्याची 'हमत्रेय' ही कविता. विष्णुपुराणात पराशर मैत्रेयाला पृथ्वीचं गाणं सांगतो, त्यावर ती बेतलेली आहे. पुराणात पृथ्वी राजांना हसते. इमर्सनने ती राजेमंडळी काढली आणि काँकर्डचे जमीनदार आणले. बल्कली, हंट, विलर्ड, होस्मर, मेरियम, फ्लिंट, अशी एकामागून एक नावं. हे शेत माझं, माझ्या पोरांचं, माझ्या नावाचं, असं म्हणत ते बांधावरून फिरले, आणि आता त्याच शेतांखाली झोपले आहेत. मग पृथ्वी गाते: मला आपली म्हणणारे गेले, मी आहे तिथेच आहे. ज्याने सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाला कंस पडून खाली नवी नावं चढताना पाहिली आहेत, त्याने ही कविता जरूर वाचावी. परक्या पुराणातली गोष्ट आपल्या गावच्या मातीत कशी रुजवायची, याचा इतका चांगला नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

अडचण आहे ती त्याच्या निबंधांची. 'ओव्हर-सोल'सारख्या निबंधात प्रत्येक वाक्य सुटं उभं राहतं, लखलखतं, पण या वाक्यावरून पुढच्यावर कसं आलो हे कळत नाही. ज्यांना एकेका वाक्यापाशी थांबून चिंतन करायची सवय आहे, रोज दोन पानंच वाचायची आहेत, त्यांनी खुशाल इमर्सनपासून सुरुवात करावी. बाकीच्यांचा धीर दहाव्या पानावर सुटतो.

थोरोला तत्त्वापेक्षा आचरण हवं होतं. १८४९ च्या एका पत्रात तो म्हणतो की काही अंशी, क्वचित कधीतरी, मीसुद्धा योगी असतो. किती जपून केलेलं विधान आहे पाहा. तळ्याकाठच्या त्या मुक्कामावर लिहिलेल्या 'वॉल्डन' या पुस्तकात तो सांगतो की उन्हाळ्यातल्या सकाळी आंघोळ करून मी उंबरठ्यावर उन्हात बसायचो, सूर्योदयापासून दुपारपर्यंत. कर्मत्याग आणि ध्यान म्हणजे पौर्वात्यांना काय म्हणायचं असतं, ते तेव्हा उमजलं. पाइन आणि हिकरीच्या झाडांमध्ये बसून एका माणसाला हे कळलं, यावर माझा विश्वास बसतो, कारण त्याच पुस्तकात त्याने झोपडीचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट असा पैशापैशाने मांडून दाखवला आहे.

याच पुस्तकात हिवाळ्यातल्या तळ्यावरचं प्रकरण आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात मजूर आले आणि वॉल्डनचा बर्फ करवतीने कापू लागले. तेव्हा न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, तळ्यांमधला बर्फ भुशात बांधून जहाजांनी कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला जायचा. थोरो त्या लाद्यांकडे पाहतो आणि लिहितो की मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे घामाघूम लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात. पुढे लगेच सांगतो की पहाटे मी माझ्या बुद्धीला गीतेच्या तत्त्वज्ञानात स्नान घालतो. पुस्तक ठेवून विहिरीवर जातो तर तिथे गंगेकाठच्या ब्राह्मणाचा सेवक धन्यासाठी पाणी काढायला आलेला भेटतो, आणि दोघांच्या बादल्या एकाच विहिरीत एकमेकींवर घासतात. बर्फ इकडे येतोय, ग्रंथ तिकडे गेलाय. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर या बर्फासाठी बांधलेली इमारत अजून उभी आहे. १८९७ मध्ये अमेरिकेहून परतलेले विवेकानंद तिथेच उतरले होते.

पण थोरोला आधी वाचा म्हणण्याचं माझं खरं कारण वेगळं आहे. तो गीतेशी भांडतो. १८४९ साली आलेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकात, दोन नद्यांवरच्या नौकाप्रवासाच्या वर्णनात, मध्येच गीतेवर पानंच्या पानं आहेत. तिच्याइतक्या उंच आणि निर्मळ विचारभूमीवर वाचकाला कुणी नेत नाही, असं तो म्हणतो. आणि मग विचारतो, अर्जुनाने का लढावं याचं पुरेसं कारण कुठे दिलंय? अर्जुनाला पटलं असेल, वाचकाला पटत नाही. जन्माने ठरलेली कर्तव्यं म्हणजे काय? हे तर जातिसंस्थेचं समर्थन आहे, असं तो स्वच्छ लिहितो. ज्या गावात गीतेची प्रत नुकती आली होती तिथल्या तिशीतल्या माणसाने हे लिहावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. इमर्सनने असा सवाल गीतेला केलेला मला आढळला नाही.

तरी इथे एक खटकणारी गोष्ट सांगायलाच हवी. याच थोरोला मनुस्मृती फार आवडायची. विल्यम जोन्सच्या भाषांतरातून निवडलेली मनूची वचनं त्याने जानेवारी १८४३ च्या 'डायल' त्रैमासिकात दिली. त्याने मनूत पाहिली ती शिस्त: खाणं, पिणं, झोपणं यांतलं काहीच क्षुल्लक न मानणारी. त्या ग्रंथाने शूद्रांचं आणि बायकांचं काय केलं, हे त्याच्या उत्साहात कुठे दिसत नाही. ज्या महाराष्ट्रात २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, तिथल्या वाचकाला ही पानं वाचताना त्रास होतो आणि तो व्हायलाच हवा. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर नाकारून तुरुंगात रात्र काढणारा हाच माणूस, हे दोन्ही एकत्र धरूनच त्याला वाचावं लागतं.

मराठीतून वाचायचं असेल तर पारडं थोरोकडेच झुकतं. दुर्गा भागवतांनी 'वॉल्डन' मराठीत आणलं, 'वॉल्डनकाठी विचारविहार'. आणीबाणीत दुर्गाबाई स्वतः तुरुंगात गेल्या. थोरो त्यांच्यात किती मुरला होता, हे मला त्यातून समजतं.

त्याच काळातल्या वॉल्ट व्हिटमन या अमेरिकी कवीचं काय, असं कुणी विचारेल. १८५६ मध्ये थोरो त्याला ब्रुकलिनला भेटला आणि म्हणाला, तुमचं लेखन पौर्वात्यांसारखं आहे, तुम्ही त्यांना वाचलंय का? व्हिटमनचं उत्तर होतं, नाही, मला त्यांच्याबद्दल सांगा. उतारवयात मात्र प्राचीन हिंदू काव्यं आपण आधीच वाचली होती असं त्याने लिहून ठेवलं. तो महान कवी आहे, पण प्रभाव तपासायला निघालेल्याने त्याला तिसरा ठेवावा.

'वॉल्डन' पहिल्या पानापासून धरू नका. जमाखर्चाचं पहिलं प्रकरण लांबलचक आहे आणि बरेच जण तिथेच थांबतात. हिवाळ्यातल्या तळ्याचं प्रकरण आधी वाचा, मग 'ध्वनी' नावाचं, मग पुस्तकाच्या शेवटी येणारी कुरू नगरीतल्या कारागिराची गोष्ट: एक निर्दोष काठी कोरता कोरता त्याच्याभोवती युगं उलटतात. ही गोष्ट थोरोने स्वतः रचली आहे, पण आपल्या पुराणांचा वास तिला आहे. त्यानंतर नौकाप्रवासातली गीतेची पानं. एवढं झालं की इमर्सनच्या त्या दोन कविता घ्या, आणि 'ब्रह्म' वाचताना दुसरा अध्याय शेजारी उघडा ठेवा.