जुनी बाँ ब्वा कोन्याक : काही महिने चाखल्यावर

कोन्याक म्हणजे फ्रान्सची, त्याच नावाच्या भागातली द्राक्षाची ब्रँडी. तिच्या सहा क्षेत्रांत बाँ ब्वाला फारसं कुणी विचारत नाही. मान सगळा ग्राँद शाँपान या क्षेत्राचा, कारण तिथल्या चुनखडीच्या जमिनीतली दारू पिंपात दशकानुदशकं मुरू शकते. बाँ ब्वाची लवकर तयार होते, म्हणून बहुतेक तरुणपणीच मिश्रणात जाते. एका शेतकरी कुटुंबाने ती चाळीसेक वर्षं पिंपात राखली, एकाच पिंपातून आणि पाणी न घालता बाटलीत भरली, म्हणून मला ती हवी होती. एक्सओ, म्हणजे जुन्या कोन्याकचा दर्जा, म्हणवून घ्यायला २०१८ पासून पिंपात किमान १० वर्षं लागतात, त्यावरून अंदाज करा. हिच्यात अल्कोहोल ४९ टक्के आहे. बाजारातल्या बहुतेक नामवंत बाटल्या किमान मर्यादेइतक्याच, म्हणजे ४० टक्क्यांच्या असतात. साखर, कॅरमेल, ओकच्या लाकडाचा काढा हे सगळं नियमात बसतं. या बाटलीत त्यातलं काहीच नाही.

पहिला ग्लास कठीण गेला. नाकाला आधी वॉर्निश, मग ओली माती, अळंबी. गोडवा नावालाही नाही. त्या दिवशी मत लिहिलं असतं तर अन्याय झाला असता.

बाटलीतली पातळी खांद्याखाली गेली, आत हवा खेळली आणि वॉर्निश मागे हटलं. आता आधी संत्र्याची सुकी साल येते, मग अंजीर, तंबाखू आणि शेवटी खवटपणाकडे झुकणारा जुन्या अक्रोडाचा वास. याच वासाला तिकडे रान्सिओ म्हणतात, आणि तो लाकडात वर्षं काढल्याशिवाय येत नाही. जिभेवर आंबटसर धार अजून शाबूत आहे. कोन्याक ज्यापासून बनते त्या उन्यी ब्लाँ द्राक्षाची वाइन मुळातच आंबट आणि हलकी. तीच तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळतात. शेवट लांब आणि तुरट, कात जास्त झालेल्या विड्यासारखा. हा तुरटपणा मला थोडा जास्तच वाटतो. लाकडाने काही वर्षं आधीच निरोप घ्यायला हवा होता. तरीही गुळगुळीत, गोड केलेल्या एक्सओपेक्षा मी हीच निवडेन, कारण हिच्यात द्राक्ष अजून बोलतं.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा घ्या. मोठ्या फुगीर ग्लासात तळहाताच्या उबेने अल्कोहोलच आधी नाकात शिरतं. पाणी फार तर दोन-चार थेंब. बर्फाने अक्रोडाचा वास साफ दबतो. ओतल्यावर अर्धा तास हात लावू नका. पहिल्यांदाच कोन्याक घेणाऱ्याने हिच्यावर पैसे घालू नयेत. आणि बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर इतक्या कडक दारूने बूच खराब होतं.