किवा: बिनव्याजी उसनवारी आणि तिच्यामागचा कंपन्यांचा पैसा

लहान व्यवसायांसाठी आणि वस्त्यांच्या विकासासाठी कंपन्या जो पैसा बाजूला काढतात, तो पूर्वी बहुतेक वेळा अनुदान म्हणून दिला जाई आणि एकदा खर्च झाला की त्याचा हिशेब तिथेच संपे. हाच पैसा कर्जाऊ द्यावा, परत आला की पुढच्या गरजूकडे वळवावा, हा विचार तसा जुना आहे. फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी धर्मादाय संस्थेने १९६८ मध्येच अनुदानांच्या जोडीला सवलतीच्या गुंतवणुकी सुरू केल्या होत्या. मात्र असा फिरता निधी प्रत्यक्षात कसा फिरतो हे सामान्य माणसाला आतून पाहता येईल अशा सेवा फार थोड्या आहेत. त्यांतली सर्वांत परिचित म्हणजे किवा, इंटरनेटवरून लहान व्यावसायिकांना पैसे उसने देण्याची सेवा, आणि हे परीक्षण मुख्यतः तिच्यातील कंपन्यांच्या पैशाकडे पाहून लिहिले आहे.

मॅट फ्लॅनरी आणि जेसिका जॅकली यांनी २००५ मध्ये युगांडातील टोरोरो येथील सात व्यावसायिकांसाठी एकूण ३,५०० डॉलर जमवले, तेथून किवाची सुरुवात झाली. आजवर या मार्गाने दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कर्जाऊ गेली असून परतफेडीचे प्रमाण सुमारे ९६ टक्के आहे. वापरण्याची रीत सोपी आहे: कर्जदाराची माहिती वाचायची, २५ डॉलर द्यायचे आणि हप्त्या-हप्त्याने मुद्दल परत घ्यायचे. देणाऱ्याला व्याज मिळत नाही, आणि पैसे बुडण्याचा धोकाही त्याचाच असतो. काही कर्जांत चलनाचा भाव घसरल्याने होणाऱ्या तोट्याचा वाटाही त्याच्याकडे येतो, आणि ही अट पैसे देण्यापूर्वी वाचणारे किती असतील याची मला शंका आहे.

कंपन्या येथे दोन वाटांनी येतात. पहिली वाट कर्मचाऱ्यांची आहे. २०१४ मध्ये एचपी या संगणक कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना किवावर उसने देण्यासाठी प्रत्येकी २५ डॉलर दिले, ते याचे ठळक उदाहरण. पैसा कंपनीचा आणि निवड कर्मचाऱ्याची, ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण कर्जदाराचा अर्ज वाचताना नोकरदार माणसाला भांडवलाची अडचण म्हणजे काय हे थोडे तरी कळते. दुसरी वाट मॅचिंग निधीची. एखादी कंपनी किंवा प्रतिष्ठान ठरावीक प्रकारच्या कर्जांसाठी रक्कम राखून ठेवते आणि तुम्ही २५ डॉलर दिले की त्या निधीतून आणखी २५ डॉलर त्याच कर्जात पडतात.

ऐकायला हे छान वाटते, पण खरी तपासणी येथेच करायला हवी. यादीत अशा कर्जापुढे दुपटीची खूण असते, आणि ती दिसली की देणाऱ्याची नजर साहजिकच तिकडे जाते. निधीच्या अटी मात्र कंपनीने ठरवलेल्या असतात: महिलांचे व्यवसाय, निर्वासित, हवामानाशी निगडित कामे, जे त्या कंपनीच्या धोरणात बसेल ते. याचा अर्थ कंपनी केवळ स्वतःचा पैसा वळवत नाही, तर आपल्या-तुपल्या पैशालाही वळण लावते. ज्या कर्जावर अशी खूण नसते त्याला तेवढ्याच मुदतीत एकट्याने रक्कम जमवावी लागते, आणि मुदतीत ती पूर्ण झाली नाही तर पैसे देणाऱ्यांकडे परत जातात. शिवाय जे कर्ज तसेही भरले असते त्यात कंपनीची भर पडली, तर नवे काय झाले, हा प्रश्न उरतोच.

व्याजाचा मुद्दा जुना आहे, तरी टाळता येत नाही. देणाऱ्याचे शून्य टक्के म्हणजे घेणाऱ्याचे शून्य टक्के नव्हे. बहुतेक देशांत कर्ज स्थानिक सूक्ष्मवित्त संस्थेमार्फत, म्हणजे लहान कर्जे देणाऱ्या किवाच्या भागीदार संस्थेमार्फत, जाते. ती कर्जदाराकडून व्याज घेते, आणि काही संस्थांच्या बाबतीत ते ३० टक्क्यांच्याही वर जाते. लहान कर्जाच्या वसुलीचा खर्च मोठ्या कर्जाइतकाच येतो हे कारण खरे आहे. बरे, कर्जदाराला पैसे अनेकदा आधीच मिळालेले असतात आणि आपले २५ डॉलर संस्थेची ती रक्कम भरून काढतात. डेव्हिड रूडमन या अर्थतज्ज्ञाने २००९ मध्ये हे उघडपणे मांडले, तेव्हा किवाने आपली जाहिरातीची भाषा बदलली आणि विशिष्ट व्यक्तीला थेट कर्ज दिल्याचा दावा मागे घेतला. टीकेला असा प्रतिसाद देणाऱ्या संस्था थोड्याच असतात, म्हणून याचे श्रेय किवाला द्यायला हवे.

मला सर्वांत उजवी वाटली ती अमेरिकेतील लहान व्यवसायांसाठीची योजना. तेथे १५,००० डॉलरपर्यंतचे कर्ज खरोखरच बिनव्याजी मिळते, मध्ये सूक्ष्मवित्त संस्था नसते आणि तारणही लागत नाही. त्याऐवजी अर्जदाराने आधी आपल्या ओळखीच्या माणसांकडून थोडी-थोडी रक्कम आणून दाखवायची, मगच अर्ज सर्वांसमोर मांडला जातो. माणसाची पत बँकेच्या आकड्यांवरून न ठरवता त्याच्याभोवतीच्या माणसांच्या विश्वासावरून ठरवण्याची ही रीत हुशारीची आहे. पण ज्याच्या ओळखीतल्या सगळ्यांचेच हात रिकामे असतात, तो पहिल्याच पायरीवर अडतो. खरे तर कंपन्यांचा निधी सर्वांत उपयोगी पडेल तो याच पायरीवर, आणि मॅचिंगची भर मात्र सहसा त्यानंतर पडते.

देणाऱ्याने दिलेली रक्कम पूर्णपणे कर्जात जाते. किवाचा स्वतःचा खर्च ऐच्छिक देणग्या, अनुदाने आणि भागीदार संस्थांकडून घेतलेले शुल्क यांतून चालतो. ऐच्छिक देणगीची रक्कम पैसे भरताना आधीच जोडलेली दिसते, ती नको असल्यास स्वतः काढून टाकावी लागते. उसने देण्याची सेवा म्हणून मी किवाला पाचपैकी साडेतीन गुण देईन. राखलेला दीड गुण एका साध्या गोष्टीसाठी आहे: मॅचिंगची खूण कर्जाच्या यादीतच ठळक दिसते, पण कर्जदाराला पडणारे व्याज शोधायला भागीदार संस्थेच्या माहितीपर्यंत उतरावे लागते. ते दोन्ही आकडे एकाच जागी आणि सारख्याच मोठ्या अक्षरांत छापायला हवेत.