नवीन बायकर्ससाठी रविवारच्या प्रॅक्टिस राइड्स (नाशिक): पहिले तीन रविवार डोळे झाकून करा, चौथ्याला आधी चार प्रश्न विचारा

आधीच सांगते, ग्रुपचं नाव टाकत नाहीये. शेवटच्या राइडबद्दल तक्रार आहे आणि माणसं तशी चांगली आहेत, उगाच कशाला कोणाचं नाव खराब करा. कुठल्याही ग्रुपबरोबर जाणार असाल तरी काय बघायचं ते कळावं म्हणून लिहितेय.

मी ३८ वर्षांची, इंदिरानगरला राहते, पंधरा वर्षं ॲक्टिव्हा चालवलीये, संध्याकाळी सात वाजता द्वारका सर्कलमधून गाडी काढणारी बाई आहे त्यामुळे ट्रॅफिकची भीती वगैरे नाही. पण गिअरची गाडी कधी हातात घेतली नव्हती. लायसन्सवर पण विदाउट गिअरच होतं, ते पेठ रोडच्या आरटीओत जाऊन विथ गिअर करून घेतलं, टेस्टला भावाची स्प्लेंडर नेली, आठ काढला, पास झाले. आणि दसऱ्याला हौसेने रॉयल एनफिल्डची हंटर ३५० घेतली. १८१ किलोची गाडी. त्यानंतर दोन महिने ती पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी, कारण स्प्लेंडरवर टेस्ट पास होणं वेगळं आणि हिला सिग्नलला चढावर उभी करून परत काढणं वेगळं. नवऱ्याने शिकवायचा प्रयत्न केला, दोन दिवसांत आमचं बोलणं बंद. मग ऑफिसमधल्या एकीने ह्या ग्रुपचं सांगितलं.

फी १५०० रुपये, जानेवारीतले चार रविवार, पेट्रोल आपलं. पक्कं लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी सगळ्याचे फोटो आधी मागवतात. आयएसआय मार्कचं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट पाहिजेतच. पहिल्या दिवशी एक मुलगा सँडल घालून आला, त्याला गोड बोलून परत पाठवला, बिचारा सिडकोतून एवढ्या थंडीत आला होता पण बरोबरच केलं त्यांनी. मला तिथेच ग्रुप आवडला.

पहिला रविवार तपोवनात, साधुग्रामच्या मोकळ्या जागेवर. (२०२७ च्या सिंहस्थाची कामं जोरात आली की ही जागा प्रॅक्टिसला मिळणार नाही, मग हे लोक कुठे जाणार देव जाणे.) सकाळी साडेसहा, नाशिकची जानेवारीची थंडी, क्लचवर बोटं बधिर. आम्ही नवे नऊ जण, मेंटॉर तीन. म्हणजे एकामागे तीन, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या वाट्याला जे काका आले ते नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, नोटा मोजल्यासारखं हळूहळू बोलणारे. मला वाटलं आता गाडी चालू करायला सांगतील तर म्हणाले, "ताई, चावी खिशात ठेवा, गाडी ढकलत त्या झाडापर्यंत न्या आणि परत आणा." अर्धा तास नुसती ढकलली मी ती. स्वेटर काढावा लागला. पण त्या अर्ध्या तासात गाडीचं वजन कुठे असतं, किती कलली की हातातून जाते, हे जे कळलं ते दोन महिन्यांत नव्हतं कळलं. मग हाफ क्लच. रेस न देता, नुसता क्लच सोडत सोडत मुंगीच्या पावलाने सरळ रेषेत जायचं, पाय खाली टेकला की परत सुरुवातीपासून. काका म्हणाले, "जोरात कोणीपण चालवतं, हळू चालवून दाखवा."

तिथेच मी पडले. म्हणजे गाडी पडली, मी बाजूला झाले. आठ काढायला विटा लावल्या होत्या, दुसऱ्या वळणाला मी विटेकडेच बघत बसले आणि घाबरून पुढचा ब्रेक दाबला, हँडल वळलेलं, झालं, धप्प. बाकीचे धावत आले उचलायला तर काकांनी हात करून सगळ्यांना थांबवलं. मला भयंकर राग आला. पण त्यांना ते शिकवायचंच होतं. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा म्हणजे पलीकडे जाऊन नाही पडणार, गिअरमध्ये टाकायची म्हणजे घरंगळणार नाही, मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर लावायची, एका हाताने हँडल आणि एका हाताने मागची ग्रॅब रेल धरायची, आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उभं राहायचं, पाठ वाकवायची नाही. उचलली मी! एकटीने! त्यानंतर काका म्हणाले, विटेकडे बघितलंस म्हणून विटेवर गेलीस (आता "ताई" वरून "अगं" वर आले होते), आता त्या कडुनिंबाकडे बघ आणि वळ. खरंच वळली हो गाडी. डोकं फिरवलं की गाडी मागून येते, हे कोणी लिहून दिलं असतं तर मी हसले असते.

शेवटचा तास ब्रेकचा होता आणि तो मला सगळ्यात भारी वाटला. जमिनीवर चुन्याची रेघ मारली. २० च्या स्पीडने या, रेघेवर ब्रेक लावा, गाडी थांबेल तिथे खूण. मग ४० ने या. आपल्याला वाटतं दुप्पट स्पीड म्हणजे दुप्पट अंतर. दुप्पट नाही, जवळजवळ चौपट लागतं. चुन्याची ती दुसरी खूण एवढी लांब बघून सगळे गप्प झाले. पुढचा ब्रेकच जास्त काम करतो, कारण वजन पुढे येतं, पण तो कचकन नाही दाबायचा, लिंबू पिळल्यासारखा वाढवत न्यायचा. माझ्या गाडीला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही, एका मुलाची जुनी पल्सर होती तिला नव्हतं (१२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस कंपल्सरी झालं ते एप्रिल २०१९ पासून), त्याला मेंटॉरने वेगळं घेऊन मागचं चाक घसरलं तर काय करायचं ते दाखवलं. असं प्रत्येकाच्या गाडीप्रमाणे शिकवलं म्हणून पैसे वसूल वाटले.

दुसरा रविवार गंगापूर रोडने सोमेश्वर, दुगाव, गिरणारे. इथे रांगेची शिस्त शिकवली आणि ती नीट सांगते, कारण सगळी भानगड पुढे त्यातच झाली. सगळ्यात पुढे लीड, म्हणजे रस्ता माहीत असलेला अनुभवी माणूस. त्याच्या लगेच मागे सगळ्यात कच्चा रायडर. हो, कच्चा पुढे! मला उलट वाटायचं, नवीन माणूस शेवटी असावा म्हणजे कोणाला त्रास नको. पण रांग रबरासारखी ताणते. पुढच्याने थोडी गाडी पळवली की मागचा ती भरून काढायला अजून पळवतो, त्याच्या मागचा अजून, आणि शेवटच्याला जीव मुठीत धरून पळावं लागतं. कच्चा पुढे ठेवला की सगळी रांग त्याच्या स्पीडने चालते. शेवटी स्वीप, तो कोणालाही मागे सोडून पुढे जात नाही. मोकळ्या रस्त्याला गाड्या तिरप्या लावायच्या, एक उजवीकडे एक डावीकडे, आणि अरुंद रस्ता किंवा घाट आला की एकामागे एक. पुढची गाडी खांबापाशी गेली की मनात "गोदावरी एक, गोदावरी दोन" म्हणायचं, ते म्हणून व्हायच्या आत आपण खांबापाशी पोचलो तर फार जवळ आहोत. साठच्या स्पीडला हे दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर होतात. गंगापूर रोडला कॉलेजची पोरं त्या ३३ मीटरमध्ये स्कूटर घालतात ते सोडा.

दुगावच्या पुढे एका वळणावर समोरून द्राक्षांच्या क्रेटची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर आला आणि आमच्या बाजूला वळणातच खडी सांडलेली. काकांनी पुढून डावा पाय बाहेर काढून खाली दाखवला, म्हणजे त्या बाजूला रस्ता खराब. मी खडीकडे बघायला लागलेच होते, कडुनिंब आठवला. मान वर केली, वळणाच्या पलीकडे एक पत्र्याची शेड होती तिच्याकडे बघितलं, आणि गेली गाडी खडीच्या बाजूने. हात थरथरत होते नंतर. गिरणाऱ्याला चहा पिताना काकांनी फक्त "शेड बघितलीस ना?" एवढंच विचारलं. ह्यांना कसं कळलं तर म्हणे आरशात माझं हेल्मेट वळलेलं दिसलं. म्हणजे हा माणूस पुढचा रस्ता, ट्रॅक्टर, खडी सगळं सांभाळून माझी मान बघत होता. १५०० रुपये मी ह्यासाठी दिले असं समजते.

तिसरा रविवार त्र्यंबक रोडने अंजनेरी फाट्यापर्यंत, ट्रक आणि बसच्या शेजारून जायची प्रॅक्टिस. ठीक होता. रविवारी त्र्यंबकची गर्दी असते त्यामुळे निम्मा वेळ फर्स्ट सेकंडमध्येच गेला. परत येताना मिसळ.

आता चौथा. हा "ग्रॅज्युएशन राइड" म्हणून सापुतारा, दिंडोरी वणी बोरगाव हातगड करत, जाऊन येऊन १६० किलोमीटरच्या आसपास. आम्ही नऊ होतो त्यात जुन्या बॅचचे आणि कोणाकोणाचे मित्र मिळून २३ गाड्या जमल्या. मेंटॉर त्या तिघांतले दोनच, कारण काका मुलीकडे गेले होते. आणि नव्यांना "आरामात या मागून" म्हणून शेवटी टाकलं. जे दोन आठवडे डोक्यात भरवलं तेच सोडून दिलं! म्हसरूळ जाईपर्यंतच सिग्नलला रांग तुटली. पुढच्यांना पत्ताच नाही, एकदोघांना कॅमेऱ्यात व्हिडिओ पाहिजे होता त्यामुळे मोकळा रस्ता दिसला की पिळायचे, आणि आम्ही मागे रबराचं टोक. दिंडोरीच्या अलीकडे मी स्पीडोमीटर बघितला तर ८५, आणि समोर कोणी नाही. मी ८५ ने का चालवतेय? मला कुठे जायची घाई आहे? इंडिकेटर दिला, एका टपरीपाशी थांबले, चहा सांगितला. स्वीपवाला दादा थांबला माझ्यासोबत, हे त्याचं कौतुक, पण मग त्याच्या पुढे असलेले दोघं नवे एकटेच गेले. फोन लागेनात. त्यातला एक मुलगा वणीत रस्ता चुकून सप्तशृंगी गडाच्या रस्त्याला लागला, नांदुरीला जाऊन कळलं त्याला. काही झालं नाही कोणाला, पण ते नशीब. मी हातगडचा घाट बघितलाच नाही, तिथूनच परत फिरले, स्वीप दादाला म्हटलं तुम्ही जा त्या पोरांमागे, घरचा रस्ता मला माहितीये.

नंतर ग्रुपवर लिहिलं मी हे सगळं. एका मेंटॉरने फोन करून सॉरी म्हटलं, मान्य केलं की गाड्या मोजायला पाहिजे होत्या आणि दोन तुकड्या करायला पाहिजे होत्या. एकाने मात्र "ताई, घाबरलात का" म्हणून हसायचा इमोजी टाकला. त्याला काकांनी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

म्हणून माझे पाचपैकी साडेतीन. तपोवन आणि गिरणारेला पूर्ण मार्क, सापुताऱ्याने दीड घालवला. कुठल्याही ग्रुपला नाव द्यायच्या आधी फोनवर विचारा की किती नव्यांमागे एक मेंटॉर, नवीन माणूस रांगेत कुठे असणार, रांग तुटली तर कुठे थांबायचं हे आधी ठरवता का, आणि बाहेरचे मित्रबित्र घेता का. समोरचा "अहो ताई, टेन्शन नका घेऊ" म्हणाला तर फोन ठेवा. काका सध्या फक्त पहिले दोन रविवार घेतात, तेव्हा बॅच घेताना ते आहेत का बघून घ्या. गाडीला क्रॅश गार्ड नसेल तर तपोवनाच्या आधी लावून घ्या, म्हणजे इंजिनच्या बाजूचा हो, हँडलचा नाही, मला पण हे नंतर कळलं, क्लच लिव्हर थोडक्यात वाचला. आणि त्र्यंबक रोडच्या मिसळीचे पैसे फीमध्ये नाहीत, मी आपलं दोन एक्स्ट्रा पाव घेऊन बसले होते.